तिचा शब्द मोडावा म्हणून

आमच्या विभागीय कार्यालयाच्या प्रमुखपदी तिची नेमणूक झाल्याचा आदेश माझ्याच हाताने फाईलला लागला. टपाल मीच उघडायचे. पाकीट फोडलं, कागद सरळ केला, आणि जिथे माझं नाव असेल अशी माझी खात्री होती तिथे तिचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग आवकचा शिक्का मारला, शेजारी बारीक सही केली आणि शिपायाला चहा सांगितला. चहा आला, आणि तसाच गार झाला.

कार्यालय म्हणजे बेलापूरला एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पाच खोल्या. कोठडीत मारलं, इस्पितळाने दारातून परत पाठवलं, वसतिगृहात कोंडून ठेवलं, अशा तक्रारी घेऊन लोक आमच्याकडे यायचे. 'मानवी हक्क' हे शब्द पाटीवर होते. येणाऱ्यांच्या तोंडी ते क्वचितच असायचे. ते म्हणायचे, "आमचं कोणीतरी ऐकून घ्या." मी तिथली निबंधक. माझ्या काळात चार प्रमुख होऊन गेले, चारही निवृत्तीनंतर आलेले सज्जन गृहस्थ. अकराला यायचे, सही कुठे करायची ते विचारायचे आणि चारला निघायचे. कार्यालय मीच चालवते, असं मी घरीदारी सांगायचे आणि ते खोटं नव्हतं. चालवते म्हणजे नेमकं काय करते, हे मात्र मला कधी कोणी विचारलं नाही. तक्रार यायची, क्रमांक पडायचा, त्या-त्या खात्याला पत्र जायचं, उत्तर यायचं नाही, मग स्मरणपत्र जायचं. माझ्या फाईलीत सुटा कागद सापडायचा नाही, याचा मला अभिमान होता.

या वेळी आतल्या माणसाला संधी देणार, असं वरून कानावर आलं होतं. आतलं माणूस म्हणजे मी, यात मला शंका नव्हती. वाशीला आमच्या सोसायटीत मी दोघीतिघींना सांगूनही टाकलं होतं. पण आतलं माणूस म्हणून त्यांनी निवडली ती. खूप वर्षांपूर्वी ती माझ्या हाताखाली तपासनीस होती. करावे गावची, खाडीत मासे धरणाऱ्या घरातली. टिपण कसं लिहायचं, समास किती सोडायचा, 'आदेशार्थ सादर' कुठे लिहायचं, हे सगळं तिला मी शिकवलं. मला ताई म्हणायची. मग नोकरी करता करता वकिलीचं शिकली, नोकरी सोडून कामगारांच्या केसेस लढली, आणि आता परत आली ती थेट आतल्या खोलीत.

"तुझं तर काही गेलं नाही ना?" त्या दिवशी नवरा म्हणाला. "पगार तोच, खुर्ची तीच."

त्याला काय सांगणार? खुर्ची तीच, हाच तर त्रास होता.

पहिल्या दिवशी ती आत यायच्या आधी माझ्या टेबलाशी थांबली. मी उठून उभी राहिले. "या, मॅडम," म्हणाले.

"ताई, आत आपण दोघी असू तेव्हा मला तूच म्हणा," ती म्हणाली. "बाहेर लोकांसमोर मात्र तुम्ही म्हणा. ते मला नाही, पदाला."

चांगलंच बोलली होती. म्हणूनच मला ते सहन झालं नाही. त्यानंतर आत काय आणि बाहेर काय, मी तिला तुम्हीच म्हणत राहिले, अगदी ठासून.

पंधरा दिवसांत तिने व्हरांड्यात एक मोठा पांढरा फलक लावला. कुठली तक्रार कधी आली, सध्या कोणाच्या टेबलावर आहे आणि का थांबली आहे, हे त्यावर लिहायचं, कोणीही येऊन वाचायचं. तक्रारदाराच्या नावाऐवजी क्रमांक, पण आमची नावं पूर्ण. स्वतःचं नाव तिने सगळ्यात वर घातलं. तरी फलक भरल्यावर त्याच्यावर सर्वांत जास्त वेळा दिसत होतं ते माझं नाव. मी येता-जाता तिकडे बघायचं टाळायचे. येणारे लोक मात्र बोट ठेवून वाचायचे आणि मग मान वळवून माझ्या टेबलाकडे बघायचे. मी मनात म्हणायचे, हिला सोपं आहे, हिची पाटी कोरी आहे. बावीस वर्षांचं ओझं माझ्या नावावर आणि स्वच्छतेचं श्रेय हिला.

शिवाय तिने जाहीर केलं की प्रमुखाविरुद्ध तक्रार असेल तर ती कार्यालयात द्यायचीच नाही. बाहेरच्या दोघांकडे द्यायची, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक म्हातारे वकील. दोघे महिन्यातून एकदा येणार आणि हवी ती फाईल मागणार. "आजवर आपल्याला विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून आपण दुसऱ्यांना विचारू शकलो नाही," असं ती बैठकीत म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मनात एकच विचार होता, हे मला का सुचलं नाही? आणि त्याच्या पाठोपाठ, मला सुचलं असतं तर कोणी ऐकलं असतं का?

मग सुनावण्या गावात घ्यायचं ठरलं. पहिली करावे गावात, देवळाच्या सभामंडपात. मी इतिवृत्त लिहायला शेजारी बसले होते. तिथे मला पहिल्यांदा कळलं की हेव्याला पोटात जागा असते. लोक तिच्याशी त्यांच्या बोलीत बोलत होते आणि ती त्याच बोलीत उत्तर देत होती. कार्यालयात माझ्यासमोर अडखळणारी माणसं तिथे धबधब्यासारखी बोलत होती. मी 'कृपया सावकाश सांगा' म्हटलं की ती माणसं गप्प व्हायची आणि तिच्याकडे बघायची.

दुपारी एक म्हातारी उठली. उरणच्या मोरा बंदराजवळ मासे विकणारी. दोन बस बदलून आली होती.

"माजी पोर यडी नाय, मॅडम," ती म्हणाली. "मदी डोक्यावर परिनाम झालता, रस्त्यात फिरत व्हती, म्हनून त्यांनी नेली. आता बरी हाय. दाक्तर बोलतो बरी हाय. तरी सोडीत नाय."

महिलांचं निवारागृह होतं ते. मुलगी तिशीची. आठ महिने आत.

"का नाय सोडीत?" हिने विचारलं.

"बोलतात, बाप आना नायतर नवरा आना, सहीला. बाप मेला, नवऱ्यानं टाकली. मी आता बाप कुटून आनू?"

मंडपात कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तू आई हाईस ना? आई पुरे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने आदेश सांगितला. निवारागृहाने डॉक्टरचा मूळ दाखला आमच्याकडे पाठवायचा, तो मिळाला की ती सुटकेच्या आदेशावर सही करणार आणि आईच्या ताब्यात मुलगी देणार.

"कवा?" म्हातारीने विचारलं. त्यापुढे ती भराभर आणखी काहीतरी बोलली. घरात काहीतरी कार्य आहे एवढंच मला उमगलं. 'घरगुती कारणास्तव निकड' असं मी लिहिलं. आमची प्रमुख मात्र सगळं नीट ऐकून घेत होती, बोटांवर दिवस मोजत होती.

"येत्या नाय, त्याच्या पुढच्या सोमवारी," ती म्हणाली. "सकाळी हापिसात ये. तुज्या पोरीला घरी न्यायला आपून दोघी जाऊ."

मी तिच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, तारीख देऊ नका. आपल्या कामात तारीख देत नाहीत."

"तारीख नाही दिली तर मला जाब कोण विचारणार, ताई?" तीही तितक्याच हळू म्हणाली.

मी लिहिलं. सोमवार. आणि लिहिताना माझ्या मनात आलं, ही तारीख चुकली तर?

निवारागृहाचं पाकीट आलं बुधवारी. जाडसर, वर सहीशिक्का. मी उघडलं. आत डॉक्टरचा मूळ दाखला, रुग्ण पूर्ण बरी असून घरी पाठवण्यास हरकत नाही. हाताच्या सवयीने मी शिक्का मारला, तारखेशेजारी सही केली. मग ते पाकीट तिच्या ट्रेमध्ये ठेवायचं ते ठेवलं नाही. माझ्या डाव्या खणात, जुन्या परिपत्रकांच्या खाली ठेवलं.

नजरचूक झाली असं मी पुढे बराच काळ स्वतःला सांगून पाहिलं. पण नजरचूक नव्हती. खण बंद करताना मला बरं वाटलं होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या कार्यालयात काहीतरी माझ्या हातात होतं. तिचा शब्द मोडावा, लोकांसमोर मोडावा, एवढंच मला हवं होतं. मोऱ्याची ती मुलगी माझ्या मनात कुठे नव्हतीच. ती होती फक्त एक क्रमांक, माझ्या फाईलींतल्या बाकी सगळ्यांसारखा.

गुरुवार-शुक्रवार ती मुख्यालयात बैठकीला होती. शुक्रवारी तिचा फोन आला. "ताई, निवारागृहाचं आलं का?"

"बघते," मी म्हणाले.

सोमवारी म्हातारी दहाच्या आधीच येऊन बाकावर बसली होती. डोक्यात गजरा, हातात पिशवी. पिशवीतून पिवळ्या रंगाची कोरी साडी डोकावत होती, मुलीसाठी आणलेली. आतल्या खोलीतून मॅडम बाहेर आली, म्हातारीशी दोन शब्द बोलली आणि ट्रे चाळला. मग तिथेच उभ्याने निवारागृहाला फोन लावला. तिकडच्या कारकुनाने सांगितलं, दाखला मागच्या आठवड्यातच टपालाने पाठवला आहे.

फोन कानाला तसाच धरून ती माझ्याकडे वळली. "ताई, आलंय का आपल्याकडे?"

व्हरांड्यात दहाबारा माणसं होती. म्हातारी माझ्याकडे बघत होती. खण माझ्या गुडघ्याला लागून होता.

"नाही," मी म्हणाले.

किती सहज निघाला तो शब्द! तिने मला दुसऱ्यांदा विचारलंही नाही. विश्वास ठेवला आणि फोनवर दुसरी प्रत मागितली. पण डॉक्टर गुरुवारीच येणार होते, आणि मूळ दाखल्याशिवाय सुटकेचा आदेश काढायचा तिला अधिकार नव्हता. ती बाकावर म्हातारीच्या शेजारी जाऊन बसली.

"आय, मी शब्द दिलता. मी पाळला नाय. चूक माजी हाय."

"मंग कवा?"

"गुरुवारी दाक्तर येतील."

"बुधवार हाय ना गो," म्हातारी म्हणाली. पिशवीत साडी आणखी आत सारली आणि उठली.

बुधवार म्हणजे तिचा बाजाराचा दिवस असेल, असं मला वाटलं.

म्हातारी गेल्यावर सगळ्यांसमोर मॅडमने फलकावर स्वतःच्या हाताने लिहिलं. तक्रारीचा क्रमांक, आणि पुढे: 'दिलेली तारीख चुकली. कारण: कार्यालय प्रमुखाने वेळेत पाठपुरावा केला नाही.' खाली स्वतःचं नाव. तेवढ्यावर थांबली नाही. बाहेरच्या त्या दोघांना आणि मुख्यालयाला स्वतःविरुद्ध अहवाल पाठवला. तो टंकलिखित करून घ्यायचं काम माझ्याकडेच आलं.

मी याचीच वाट बघत होते. तिचं तोंड उतरेल, लोक म्हणतील की हीसुद्धा तसलीच निघाली. पण झालं भलतंच. लोक फलकापाशी थांबत होते, वाचत होते आणि एकमेकांना सांगत होते, "बाईने स्वतःचं नाव लिहिलंय." आमचा शिपाई, जो चारही साहेबांच्या मागे त्यांची नक्कल करायचा, तो त्या दुपारी तिच्या खोलीत चपला काढून गेला. मी तिला खड्ड्यात ढकललं होतं आणि ती तिथूनही माझ्यापेक्षा उंच दिसत होती. सोमवारच्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. पश्चात्ताप होता असं म्हणायला आवडेल मला. खरं म्हणजे तो निव्वळ जळफळाट होता.

मंगळवारी ती त्या डॉक्टरांना गाठायला त्यांच्या दुसऱ्या इस्पितळात गेली. ते बाहेरगावी होते. दुपारी परत आली तेव्हा चेहरा उन्हाने काळवंडला होता. माझ्या टेबलावरचं पाणी उचलून प्यायली, पूर्वी तपासनीस असताना प्यायची तशीच. त्या क्षणी खण उघडता आला असता. पण 'नाही' म्हणून झालं होतं. आता पाकीट काढायचं तर खोटंही त्याच्याबरोबर बाहेर येणार होतं.

बुधवारी दुपारी ती जेवायला गेली असताना मी पाकीट काढलं आणि त्या दिवशीच्या टपालात मधोमध घालून ट्रेमध्ये ठेवलं. सुटले, असं वाटलं. बुधवार संध्याकाळपर्यंत ती बाहेरच्या एका चौकशीत अडकली. ट्रे तिने पाहिला तो गुरुवारी सकाळी.

"ताई, आत या."

पाकीट टेबलावर होतं. तिने बोट ठेवलं ते शिक्क्यावर. मागच्या बुधवारची तारीख, शेजारी माझी सही. इतकी वर्षं शिक्का मारताना मी कधी चुकले नव्हते, आणि त्याही दिवशी चुकले नव्हते.

"दुसऱ्या फाईलीत गेलं असेल," मी म्हणाले.

तिने शिक्क्यावरचं बोट उचललं नाही.

"मी मुद्दाम ठेवलं," मी म्हणाले. कसं म्हणाले ते कळलं नाही. मग थांबताच येईना. "तू इथे बसलीस ते मला बघवलं नाही. मी तुला शिकवलं, आणि लोक तुझ्याशी बोलतात. तुझा शब्द मोडावा म्हणून ठेवलं." बऱ्याच महिन्यांनी मी तिला तू म्हणाले होते. मला रडू आलं. तिने पाण्याचा पेला पुढे केला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. तो राग होता, हे मला नंतर समजलं.

"ताई, हे मला सांगून संपणार नाही," ती म्हणाली. "माझ्या कार्यालयात हे झालं, त्याचा जाब मी देईन. तुमचा तुम्ही द्या. मला लेखी हवंय, आजच. आणि त्या मायलेकींना जाऊन तोंडी सांगा."

"त्यांचं असं किती नुकसान झालं असेल? तीन दिवस…"

"ते मी कशी सांगू? ज्यांचं झालं त्या सांगतील."

तिने आदेशावर सही केली आणि तो घेऊन स्वतः निवारागृहाकडे निघाली. मी माझ्या टेबलाशी बसून स्वतःविरुद्धचं टिपण लिहिलं. समास सोडला. 'आदेशार्थ सादर' लिहिलं.

रविवारी मी मोऱ्याला गेले. नवरा बरोबर येतो म्हणाला, मी नको म्हटलं. उरणहून पुढे बंदराकडे जाताना दोन्ही बाजूंना बोंबील वाळत घातले होते. धक्क्यावर मुंबईची लाँच लागलेली होती, माणसं घाईने उतरत होती. म्हातारीचं घर विचारलं तर एका बाईने विचारलं, "लगीनघर ना?"

त्या शब्दाने मी जागीच थांबले. पुढे गल्लीत घर दिसलं. दारात मांडव होता, दोन माणसं त्याचे बांबू सोडवत होती. चौकटीला हळदीचे हात उमटलेले होते. ओट्यावर एक बारीक चणीची बाई सुकट निवडत बसली होती.

"लिवनारी बाय आली," म्हातारी आतून म्हणाली. तिने मला ओळखलं होतं. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी तसंच हातात धरून सांगितलं, पत्र आधीच्या बुधवारी आलं होतं. मी ते खणात ठेवलं. सोमवारी तुमच्यासमोर खोटं बोलले.

"का?" म्हातारीने विचारलं.

"मला आमच्या मॅडमचा हेवा वाटत होता."

म्हातारीला ते कळायला वेळ लागला. "तुजा नि तिचा काय तो असंल," ती म्हणाली. "मदी माजी पोर का घातलीस?"

ओट्यावरची बाई इतका वेळ मान खाली घालून सुकट निवडत होती. ती म्हणाली, "बुधवारी बहिनीची हलद व्हती. धाकटी बहीन. मी तिला न्हानाची मोटी केली. गुरुवारी मी आले तवा वरात गेलती."

तिथल्या हळदीबद्दल मी ऐकून होते. लग्नाला नाही आलं तर चालतं, हळद चुकवत नाहीत. पिवळी साडी, गजरा, 'बुधवार हाय ना गो', सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं होतं आणि मी त्यातलं एकही वाचलं नव्हतं. सभामंडपात म्हातारी भराभर जे बोलली होती ते हेच होतं. मी त्याचं 'घरगुती कारण' केलं होतं.

"माफ करा," मी म्हणाले.

"त्याचं मी काय करू?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तिच्या नवऱ्याकडच्यांना कोनी सांगितलं, थोरली यडी हाय, म्हनून लपवली. बहीन मना फोन करते तो चोरून. तुमी लिवता ना? मंग लिवून द्या. मी बरी व्हते. मी येनार व्हते. माज्यामुलं नाय थांबले, तुमच्यामुलं थांबले."

सोमवारी मी ते पत्र लिहिलं. बावीस वर्षांत हजारो पत्रं लिहिली असतील, इतका वेळ कुठल्याच पत्राला लागला नव्हता. दाखला अमुक बुधवारी कार्यालयात प्राप्त झाला होता, संबंधित महिला त्याआधीच पूर्ण बरी होती, विलंब सर्वस्वी कार्यालयाकडून झाला. आतल्या खोलीत मॅडमपुढे सहीला ठेवलं. तिने वाचलं, 'कार्यालयाकडून' या शब्दावर पेन्सिलने रेघ मारली आणि परत दिलं.

"कार्यालय पाकीट लपवत नाही," ती म्हणाली. "ज्याने लपवलं त्याचं पद लिहा. सही मी करते, खाली तुम्हीही करा."

मी 'निबंधकाने हेतुपुरस्सर रोखून ठेवल्याने' असं लिहिलं. आमच्या दोघींच्या सह्या एका कागदावर अशा एकाखाली एक कधी झाल्या नव्हत्या. माझी खाली होती, आणि त्या स्थितीतही ते मला टोचलं.

बाहेरच्या त्या दोघांनी चौकशी केली. मुख्याध्यापिकेने मला तासभर प्रश्न विचारले, एकदाही आवाज न चढवता. मला लेखी ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद झाली, प्रमुख रजेवर असताना कार्यभार माझ्याकडे यायचा तो काढून घेतला. बदली होईल असं वाटलं होतं, ती झाली नाही. तिलाही शेरा मिळाला, टपालावर देखरेख नव्हती म्हणून. तिने तो विनातक्रार स्वीकारला आणि फलकावर लावला. त्यानंतर टपाल कार्यालयातल्याच दोघांनी मिळून उघडायचं आणि संध्याकाळच्या आत ज्याचं त्याला द्यायचं, असा नियम झाला. त्या दोघांतली एक मी नव्हते. माझी ताकीद अर्धं पान होती, तिचा शेरा दीड ओळ. हेवा करणाऱ्याला हेही मोजता येतं.

पण कामात एक फरक पडला, तो सांगितला पाहिजे. इतिवृत्त लिहिताना आता मी 'घरगुती कारण' असं लिहीत नाही. कसलं कार्य, कोणाचं, कुठल्या वारी, ते विचारते. बोली कळली नाही तर पुन्हा विचारते, आणि तरीही नाही कळलं तर शिपायाला विचारते, तो पनवेलकडचा आहे. लोक पहिल्यापेक्षा थोडं जास्त बोलतात माझ्याशी. तिच्याशी बोलतात तितकं नाही.

दोनेक महिन्यांनी दुपारच्या वेळी फोन वाजला. मीच उचलला. मोऱ्याची म्हातारी होती. ते पत्र थोरल्या लेकीने स्वतः नेऊन बहिणीच्या सासऱ्यांच्या हातात दिलं होतं. त्यांनी ते आपल्या मुलाकडून दोनदा वाचून घेतलं होतं. आता पहिल्या सणाला धाकटी माहेरी येणार होती आणि सासरच्यांनी थोरलीलाही त्यांच्याकडे बोलावलं होतं. म्हातारी एका दमात सांगत होती आणि या वेळी मला शब्दन्‌शब्द कळत होता. हे पत्र मी लिहिलं होतं. तिने तसं म्हणावं, म्हणून मी वाट बघत राहिले.

"आयकलंस ना?" म्हातारी म्हणाली. "आता आमच्या मॅडमला दे फोन. तिला सांगायचं हाय."

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. ती खाली मान घालून काहीतरी वाचत होती. पोटात जुनं काहीतरी हललं, ओळखीचं.

"मोऱ्याहून फोन आहे," मी म्हणाले. "तुझ्यासाठी."

आणि फोन तिच्या हातात दिला.